प्रत्यक्ष बोलणे झाले

घाटकोपरच्या रेवती पेडणेकरच्या नळाला चार महिने गढूळ, घाण वासाचं पाणी येत होतं. सासूबाई काविळीने अंथरुणाला खिळल्या होत्या. तक्रारीवर मात्र दर सोमवारी एकच मेसेज यायचा: ‘तक्रारदाराशी प्रत्यक्ष बोलणे झाले.’

“कोणाशी बोललात? मला कोणी भेटलंय का एकदा तरी?” शेवटी ती पाणी खात्याच्या ऑफिसात जाऊन कडाडली.

क्लार्कने गोंधळून रजिस्टर पुढे केलं. दर सोमवारी रेवतीची सही होती, तिच्याच अक्षरात. आजचीसुद्धा.

“मॅडम, आत्ताच तर तुम्ही साहेबांच्या केबिनमध्ये गेलात ना?”

रेवती केबिनच्या बंद दारापाशी गेली. आतून तिचाच आवाज आला, अगदी शांत.

“तक्रार बंद करा, साहेब. आमच्या घरात आता पाणी प्यायला कोणी उरलं नाही.”