पाचवी फळी

पडताळणीला आलेले साहेब लाकडी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत पुढे सरकत होते. पहिली फळी, दुसरी, तिसरी. कॉटवर बसलेल्या मिस्त्रींनी श्वास रोखून धरला. तसाही तो त्यांना हल्ली पुरत नव्हताच.

भिंत नवीकोरी होती. तशी दिसू नये म्हणून मिस्त्रींनी तिला चहाचं पाणी आणि काजळी फासली होती. सरकारी आरोग्य विम्याचा नियम साधा होता. सत्तरीपुढचा माणूस एकटा राहत असेल, त्याला बघणारं कुणी नसेल, तर हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन फुकट. कमावत्या मुलाच्या घरात राहत असेल, तर मुलाने बघून घ्यावं. मुलाने बघितलंही होतं. घर विकलं तर ऑपरेशन होत होतं, पण मग बरं होऊन माणसाने जायचं कुठे? तेव्हा मिस्त्रींनीच तोडगा काढला. मागची खोली वेगळी पाडायची. दार मागच्या गल्लीत, शेगडी निराळी, मध्ये भिंत. पुढच्या दाराची पायरीसुद्धा चढायची नाही. महिन्याभरात ऑपरेशन झालं की भिंत काढून टाकायची.

"बाबा, खिळे ठोकून मोकळे व्हा," मुलगा म्हणाला होता. पण जित्याची खोड. जन्मभर सुतारकी केलेल्या माणसाने धापा टाकत का होईना, प्रत्येक फळी रंध्याने तासली, खाच पाडली, एकीत एक बसवली. फक्त पाचवी त्यांनी मुद्दाम रुंद घेतली आणि मोकळी ठेवली. ती खालून वर सरकायची, ताट आत येण्यापुरती. पलीकडे सूनबाईचं स्वयंपाकघर होतं.

साहेबांनी पाचव्या फळीवर टकटक केली. आवाज बाकीच्यांसारखाच आला. साहेब सहावीकडे गेले. मिस्त्रींच्या छातीत काहीतरी हललं; कळ आली की आनंद झाला, त्यांचं त्यांनाच समजेना.

"पलीकडे कोण असतं?"

"मुलगा. सून."

"बघतात का तुम्हाला?"

"नाही."

एवढंच ठरलं होतं. सूनबाईनेच घोकून घेतलं होतं. "नाही म्हणायचं आणि गप्प बसायचं. तुम्हाला खोटं बोलता येत नाही बाबा, उगीच लांबण लावू नका."

साहेबांनी मात्र खुर्ची ओढली आणि पेन खिशात ठेवलं. "आता मोकळेपणाने सांगा, आजोबा. काय झालं?"

मिस्त्री फळीकडे बघायला लागले, मग घाईघाईने जमिनीकडे.

"ती जेवायला देत नाही."

"कोण, सून? अजिबात?"

"देते. शिळं. तेही आपटून."

एकदा जीभ सुटल्यावर सुचत गेलं. लोकांची कपाटं बसवताना कानावर पडलेली लोकांच्या घरची भांडणं मिस्त्रींनी एकेक करून आपल्या घरात आणली. आजारपणात तिने पाणी विचारलं नाही. औषधं लपवून ठेवली. बोलता बोलता त्यांचा आवाज खरोखरच भरून आला. कारण प्रत्येक वाक्यासरशी तिने केलेलं नेमकं उलटं त्यांना आठवत होतं. रात्रभर उशाशी बसलेली. औषधाची वाटी तोंडाशी धरून, लहान मुलाला दटावावं तशी दटावणारी.

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

साहेबांचे डोळे ओले झाले. माणूस सज्जन होता. तिकडे ऐकू जावं अशा बेताने भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "अशी सून वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये." आणि त्यांनी सही केली.

"ऑपरेशन होणार, आजोबा. पण मी तेवढ्यावर सोडणार नाही. माझा जायचा-यायचा रस्ता हाच. अधूनमधून डोकावत जाईन, जेवलात का बघायला."

"कशाला उगीच?" मिस्त्री उठायला लागले. "तुम्हाला त्रास."

"त्रास कसला! न सांगता येईन. सांगून आलं की ही माणसं सावध होतात."

मिस्त्री पुन्हा कॉटवर बसले. महिन्याभराच्या भिंतीकडे त्यांना बघवेना.

साहेब गेल्यावर ते पाचव्या फळीसमोर जमिनीवर येऊन बसले.

"सूनबाई, गेले ते." फळीला तोंड लावून ते म्हणाले, "पास झालो आपण. अगं, तोंडाला येईल ते बोललो मी. खोटं होतं सगळं, तुला माहीत आहे."

बऱ्याच वेळाने फळी वर सरकली. पिठाने भरलेला हात दिसला आणि ताट जमिनीवरून आत आलं. त्यातून वाफ निघत होती.

"गरम आहे," सूनबाई म्हणाली. "शिळं हवं असेल, तर उद्यापर्यंत थांबा."

हा तिचा नेहमीचा टोमण्याचा सूर. मिस्त्रींना हायसं वाटलं, ते हसले. पलीकडून हसू आलं नाही.

"वाकून जरा तोंड तरी दाखव."

"हळू बोला, बाबा. गल्लीत ऐकू जाईल."

फळी खाली आली. मिस्त्रींनी सवयीने सांध्यावरून बोट फिरवलं. नखसुद्धा शिरत नव्हतं. पलीकडे तिने दिवा लावल्याचा खटका ऐकू आला, आणि उजेडाची एक रेघही आत आली नाही.