चहा कोणी टाकायचा

“तुझ्या टकलावरून डाससुद्धा घसरतात!” टीव्हीवर एका विनोदवीराने दुसऱ्याला टोला हाणला, तसं कुंदाताईंनी सवयीने रिमोटचं बटण दाबून कार्यक्रम थांबवला.

दोघा नवराबायकोचा हा जुना खेळ. पुढचं उत्तर आपण द्यायचं. ज्याचं फुसकं निघेल, त्याने चहा टाकायचा. पण अर्धांगाच्या झटक्याने यजमानांची वाचा गेली, त्याला तीन महिने झाले होते. खुर्चीत ते नुसते शून्यात बघत बसत.

ती शांतता कुंदाताईंना सोसवेना. “मग डासांना म्हणावं, चपला काढून या,” त्या कशाबशा म्हणाल्या. त्यांचं त्यांनाच ते इतकं फुसकं वाटलं, की डोळे भरून आले.

खुर्ची करकरली. यजमानांचा डावा हात हळूहळू वर आला आणि बोट स्वयंपाकघराकडे वळलं.