न पाहिलेला आउट

सरस्वतीपुरमच्या मैदानावर मुलींच्या सॉफ्टबॉलची सेमीफायनल होती आणि पंच दोघेच, नागरत्ना आणि तिरुमलराव. त्यामुळे उंच उडालेला चेंडू झेलला जातोय का ते बघायला नागरत्ना लांब धावली, की तिसरा बेस तिरुमलरावांनी पुढे येऊन बघायचा, असं ठरलेलं. शेवटच्या डावात ती धावली. तिरुमलराव फलंदाजीच्या टोकाला, होम प्लेटमागून हललेसुद्धा नाहीत. तिथूनच मूठ उंचावून त्यांनी तिसऱ्या बेसवर घसरत पोचलेल्या बारा वर्षांच्या पोरीला आउट दिलं, आणि तिचा संघ हरला.

चहा पिताना नागरत्नानं विचारलं, "सर, तुम्ही जागचे हलला नाहीत. मग तिथलं दिसलं कसं?"

"अय्यो, दिसायला कशाला हवं अम्मा?" बिस्किट बुडवत ते म्हणाले. "मूठ वर केली आणि पोरीकडे बघितलं. सेफ असती तर भांडली नसती? ही मान खाली घालून मुकाट निघाली. म्हणजे आउटच की."



 

"पंचांना सगळं दिसतं, त्यांच्याशी भांडायचं नाही," हे उन्हाळी शिबिरात त्याच पोरीच्या गुडघ्यावरची माती झटकता झटकता नागरत्नानंच तिला समजावलं होतं.