कुपनावरच्या चार ओळी

"पुढल्या महिन्यापासून हप्ता हातानं भरायची गरज न्हाय, मावशी," गुरुलिंगनं खिडकीतून सांगितलं आणि एक छापील कागद पुढं सरकवला.

गौराबाईनं कागदाला हात लावला नाही. पदराची गाठ सोडून दहाच्या चार नोटा आणि मनिऑर्डरचं कुपन तिनं दर महिन्यासारखं फळीवर ठेवलं.

त्र्याहत्तरचा फेब्रुवारी चालू होता. बँकेच्या मुरुम शाखेबाहेर धूळ वर चढून थांबली होती, खाली बसत नव्हती. रांगेतली माणसं भिंतीला टेकून उघड्या डोळ्यांनी झोपल्यासारखी उभी होती.

"सोमलिंगच्या शिक्षणाचं कर्ज हाय न्हवं हे," गुरुलिंग म्हणाला. "आता नोकरदाराचा हप्ता त्याच्या पगाराच्या खात्यातून थेट इकडं यायचा. त्याला तसं पत्र धाडायचंय. जामीनदार म्हणून इथं तुमचा अंगठा पाहिजे. मनिऑर्डरचा खर्च वाचंल, तुमचं हेलपाटं वाचतील."

"आन् कुपन?"

"कुपन कशाला येईल? पैसं बँकेतून बँकेत."

गौराबाईला वाचता येत नव्हतं. पोस्टमन नेहमी घाईत. म्हणून गेलं दीड वर्ष गुरुलिंग आधी कुपन वाचायचा, मग नोटा मोजायचा. तिचा मुलगा सोमलिंग आसामात, तेलाच्या कारखान्यात. कुपनावर मजकुराला चार बोटं जागा असते. तेवढीच तो भरायचा. मागच्या महिन्यात त्यानं लिहिलं होतं, हत्तींचा कळप रूळ ओलांडत होता म्हणून आमची गाडी तासभर थांबली. त्यानंतर आठवडाभर दुष्काळी कामावर खडी फोडताना गौराबाईला ढिगापलीकडून काहीतरी मोठं आणि शांत चालत गेल्यासारखं वाटायचं. शेजारणीला तिनं ते सांगितलं नव्हतं.

"पत्र टाकंल की तो," गुरुलिंग म्हणाला.

"दोन वर्सं झाली, टाकतो म्हनतोय. पत्राला तारीख नसती, अप्पा. हप्त्याला असती."

गुरुलिंगनं शाईची गादी कागदाशेजारी ठेवली.

"अंगठा न्हाय दिला तर?"

"तर हातानं भरल्याला दर हप्त्याला अडीच रुपयं दंड. नियमच हाय."

मागून आबाराव हसला. त्याला खताच्या कर्जाचं विचारायचं होतं आणि दुपारपासून तो तिष्ठत होता. "पोरगं साहेब झालं, आन् आई दंड भरती व्हय! मावशी, अडीच रुपयं म्हंजी खडीवरची एका दिसाची हजेरी."

"ठावं हाय. हातोडा माझ्याच हातात असतो."

तिनं छापील कागद एका बोटानं खिडकीच्या आत सरकवला.

"हे बेड, अप्पा," ती कानडीत म्हणाली. "नको मला. दंडच लावा."

"मावशी, कर्ज फिटायला अजून चार वर्सं हायती."

"मंग चार वर्सं लावा."

गुरुलिंगनं कागदाकडं पाहिलं. नियम त्यानं दोनदा वाचला होता, त्यात खोट नव्हती. त्यानं जामीनदाराच्या नावापुढं 'संमती नाही' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं, खाली सही केली, आणि नोटांना हात न लावता कुपन उचललं.

"'आईस नमस्कार,'" तो वाचू लागला. "'रात्रपाळी आहे. सकाळी नदी ओलांडून खोलीवर येतो. सध्या धुकं फार. आमची होडी आम्हालाच दिसत नाही, वल्ह्याचं पाणी तेवढं वाजतं. दुसऱ्या होडीतली माणसं बोलत जवळून जातात, पण ती कोण ते कळत नाही. काळजी नसावी.'"

रांगेतल्या माना खिडकीकडं वळल्या होत्या. पंखा बंद होता. आबाराव भिंत सोडून दोन पावलं पुढं आला होता.

"मावशी," त्यानं हळू आवाजात विचारलं, "नदी किती रुंद हाय वो ती?"

गौराबाई दाराबाहेर बघत होती. धुळीत रस्त्यापलीकडचं दुकानसुद्धा बुडालं होतं.

"पल्याडचा काठ दिसत न्हाय," ती म्हणाली.