क्लोव्हिसची जागा

कडवं संपलं तरी अल्सीद माइकसमोरून हलला नाही. मागं गार्लंड माउथऑर्गन ओठांना लावून तसाच उभा राहिला. ओडीलनं टेप थांबवली. ही तिसरी खेप.

"अल्सीद, बाजूला व्हायचं विसरलास परत."

"विसरत नाही, वहिनी. बरगडीत कोपर बसल्याशिवाय पाय उचलत नाहीत."

बायूच्या संथ पाण्याकाठी असलेल्या या होड्यांच्या शेडमध्ये दोघा भावांनी आपल्या सगळ्या रेकॉर्ड एकाच माइकवर केल्या होत्या. गाणं आणि गिटार धाकट्या अल्सीदची. कडवं संपलं की थोरला क्लोव्हिस त्याला कोपरानं ढोसायचा, पुढं यायचा आणि एक आवर्तन माउथऑर्गन वाजवायचा. टेप सांभाळायची क्लोव्हिसची बायको, ओडील. ईस्टरच्या आधी क्लोव्हिस गेला. अल्बमचं एक गाणं राहिलं होतं. त्यासाठी ओडीलनंच गार्लंडला लाफायेतहून बोलावलं होतं.

गार्लंड हसला. "मग मी मारू का कोपर?"

"मार की! नव्या नवरीसारखा लाजतोस काय?"

पुढच्या वेळी गार्लंडनं बेतानं कोपर लावलं. अल्सीद बाजूला झाला. गार्लंड पुढं आला आणि त्यानं वाजवलंही सुरेख. पण थोड्याच वेळात आपण एकटेच वाजवतोय, हे त्याच्या लक्षात आलं. अल्सीदनं गिटार थांबवली होती. तो भिंतीकडं तोंड करून उभा होता.

"माझं काही चुकलं?"

"नाही रे बाबा, छान वाजवलंस," ओडील म्हणाली. "घरात शेगडीवर गम्बो आहे. जा, गरम आहे तोवर खाऊन घे."

तो गेला. ओडीलनं हेडफोन कानांवर नीट बसवले.

"एकट्यानं म्हण."

"आणि मधली जागा?"

"तू गिटार सोडू नकोस. बाकी मी बघते."

टेप फिरू लागली. कडवं संपलं. कुणी हात लावला नव्हता, तरी अल्सीदची डावी बरगडी आकसली आणि तो एक पाऊल सरकला. मोकळ्या माइकमागं त्याची गिटार चालू राहिली.

ओडीलचा हात आपसूक बटणावर गेला. शेवटी शेवटी क्लोव्हिसचा दम तोकडा पडायचा, म्हणून त्याची जागा आली की ती माइकचा आवाज थोडा वाढवायची. आजही तिनं तेवढाच वाढवला.

हेडफोनमध्ये बायूतले बेडूक जवळ आले.