पातळ तुकडा

सतरा किलो गेले, हे फेर्मिनला सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाच्या सकाळी कळलं. दवाखान्यातल्या नर्सनं त्याला दोनदा काट्यावर उभं केलं. रक्तातली साखरही जाग्यावर आली होती.

"काय खाता?" तिनं विचारलं.

"काय खात नाही ते विचारा."

दुपारी तो मेहुणीकडे गेला. चायोनं दारातच त्याला खालीवर न्याहाळलं. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं चौथं भोक होतं.

"सतरा," तो म्हणाला.

"एक डुकराचं पिल्लू झालं की, भावोजी."

"मला द्यायचे होते," आतून तिचा नवरा नाबोर म्हणाला. "मी जपून ठेवले असते."

"तुझ्याकडे आधीचेच ठेवायला जागा नाही," चायो म्हणाली.

त्याच्यासाठी तिनं वेगळी ताटली ठेवली होती. चरबीत तळलेली दोन अंडी, आवोकादो, भाजलेलं निवडुंगाचं पान, चीजचा तुकडा. मक्याची रोटी नाही. जूनमध्ये रोटी, पाव, गोड सगळं सोडलं तेव्हा सुरुवातीला दोन आठवडे त्याचं डोकं ठणकत होतं. हाडांच्या सारात मीठ टाकून तो पीत बसायचा आणि रोटीच्या दुकानाचा वास नको म्हणून रस्ता ओलांडून पलीकडून जायचा. आता तो दुकानासमोरून सरळ जात होता.

जेवण झाल्यावर चायोनं रोस्का आणला. गोल कडं केलेला गोड पाव, वर साखरेतली फळं, आत कुठंतरी बोटाच्या पेराएवढं एक पांढरं बाहुलं. ज्याच्या तुकड्यात ते निघेल त्यानं दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तामालेस, म्हणजे मक्याच्या पानांत वाफवलेले मक्याच्या पिठाचे मुटके, खाऊ घालायचे. म्हणून प्रत्येकानं आपला तुकडा आपणच कापायचा.

"तुम्ही कापा तरी," चायो म्हणाली. "खाऊ नका. पण कापलं नाही तर पळ काढल्यासारखं दिसतं."

फेर्मिननं बोटाच्या जाडीचा पातळ तुकडा कापला, रुमालात गुंडाळला. "कोंबड्यांना होईल," तो म्हणाला आणि काळ्या कॉफीचा घोट घेतला.

बाकीच्यांनी कपातल्या गरम चॉकलेटात बुडवून रोस्का संपवला. नाबोर, चायो, त्यांची मुलगी येसेनिया, शेजारच्या दोनिया एल्पिदिया. बाहुलं कुणाला निघालं नाही.

सगळ्यांनी नाबोरकडे पाहिलं.

"मी नाही," नाबोर म्हणाला.

"दोन वर्षांपूर्वीही असंच म्हणाला होतास. गालात होतं," चायो म्हणाली. "तोंड उघड."

"अगं, शपथ."

"बाबा, उघडा," येसेनिया म्हणाली आणि मोबाइलचा दिवा लावला. दोनिया एल्पिदिया चष्मा लावून वाकल्या. "गिळलं असेल," त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत थांबा."

फेर्मिनला सगळ्यांबरोबर हसू आलं. रुमालातून पावाच्या कडेला एक इवलासा पांढरा पाय बाहेर आला होता. कापतानाच त्याला तो दिसला होता. त्याला कुणी विचारणार नव्हतं. पाव न खाणाऱ्या माणसाला कोण विचारतं?

त्यानं रुमाल टेबलावर उघडला.

नाबोरनं हात जोडून छताकडे पाहिलं. "झालं. माझी इभ्रत परत आली."

"तुमचं धरायचं नाही, भावोजी," चायो म्हणाली. "खाल्लं नाही तर कसलं धरायचं? आणि मक्याचं पीठ मळायचं तुम्ही? सात महिने तोंडाला कण लावला नाहीत. मी करते."

"मागच्या वर्षी बाहुलं कासिल्दाला आलं होतं," फेर्मिन म्हणाला. "आपण तामालेस खाल्ले?"

मागच्या वर्षी दोन फेब्रुवारीला फेर्मिनची बायको कासिल्दा इस्पितळात होती. आठव्या दिवशी तिला पुरलं.

"नाही खाल्ले," चायो म्हणाली.

"मग."

"पीठ झालं की नाही, ते चाखल्याशिवाय कसं कळणार?"

"पाण्यात पिठाची एक गोळी टाकायची. तरंगली की झालं. ती कुठं चाखायची?"

"आणि मीठ?"

फेर्मिननं कपातली उरलेली कॉफी संपवली.

"तामालेस वाफवायचं भांडं कुठाय?" नाबोरनं विचारलं.

"तिनं ठेवलं तिथंच. कपाटावर."

"काढणार कोण? ताईनं यांना स्टुलावर चढायला बंदी केली होती," नाबोर येसेनियाला म्हणाला. "दोन मोडली साडूबुवांनी. एक तर माझंच होतं."

"ती सतरा किलो आधीची गोष्ट," फेर्मिन म्हणाला. त्यानं बाहुलं पुसून खिशात टाकलं. निघताना चायोनं तिखट वाटायचा बत्ता न मागता त्याच्या हातात दिला.

घरी पोचला तेव्हा अजून उजेड होता. कोंबड्यांना त्यानं पातळ तुकडा घातला. मग कासिल्दाचं स्टूल कपाटाशी ओढलं, आधी एक पाय ठेवला, थांबला, मग दुसरा. स्टूल कुरकुरलंसुद्धा नाही.

वाफेचं मोठं भांडं धुळीनं भरलेलं होतं. खाली घेताना आत काहीतरी खुळखुळलं. तिचं जुनं नाणं. पाणी उकळत असलं की ते तळाशी वाजत राहायचं. आवाज थांबला की ती पाणी घालायची. हरवू नये म्हणून ते ती भांड्यातच ठेवायची.

त्यानं भांडं पुसलं. नाणं परत तळाशी टाकलं, बाहुलं खिडकीत उभं केलं.

सत्तावीस दिवस होते. मक्याची पानं आणायची होती, भिजवायची होती, पीठ फेटायचं होतं. आणि मीठ किती, ते अजून ठरायचं होतं.