मधली टाकी

यादवी पेटलेल्या तैझ शहराबाहेर दोन टेकड्यांवर हाकेच्या अंतरावर दोन चौक्या होत्या. अलीकडे मुसैद, पलीकडे त्याच्या बहिणीचा नवरा गालिब. दोघांच्या बंदुका दोन वैरी देशांनी पुरवलेल्या, आणि दोन्हीकडच्या परक्या साहेबांना रोज गोळीबाराचा व्हिडिओ लागे. म्हणून दोघं इमानेइतबारे मधल्या दरीतल्या रिकाम्या पाण्याच्या टाकीवर गोळ्या झाडत आणि दुपारभर कात नावाच्या झुडपाचा नशीला पाला गालात कोंबून स्वस्थ बसत. आज चाळणी झालेली टाकी अखेर कोसळली. दुपारी वायरलेसवर मुसैदचा साहेब म्हणाला, "शाबास! उद्यापासून थेट माणसं टिपा." मुसैदचं चघळणं थांबलं. तो उठून पलीकडे ओरडला, "दाजी, तुमचा साहेब काय म्हणतो?" "तुझा म्हणतो तेच!" "मग बसलात काय? तुमच्या गच्चीवरची टाकी आणा, रातोरात दरीत उभी करू!" "तुझी ताई घर डोक्यावर घेईल." "घेऊ दे. उद्या विधवा झाली, तर अख्खं तैझ डोक्यावर घेईल!"